पत्रातला 'विशेष'

जुन्या मराठी पत्रांचा एक ठरलेला सांगाडा असे. आधी लांबलचक मायना, मग 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे', आणि त्यानंतर एकच शब्द: 'विशेष'. पेशवाईतला पत्रव्यवहार चाळणारा माणूस या शब्दापाशी आला की सावरून बसतो, कारण खरे पत्र तिथून सुरू होते. रसद कुठे अडली, कोण फितूर झाला, कबूल केलेला पैसा का पोचला नाही, हे सगळे 'विशेष'नंतर. त्याआधीचा मजकूर म्हणजे दारात चपला काढणे.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस उत्तर आणि दक्षिण यांच्यातले सरकारी टपाल थांबले. काही आठवडे 'अ‍ॅडम्स एक्सप्रेस'सारख्या खासगी कंपन्यांनी पत्रे इकडून तिकडे नेली. ऑगस्टमध्ये तेही बंद झाले. उरली ती पांढऱ्या निशाणाखालची देवघेव. व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोसारख्या मोजक्या ठिकाणी दोन्हीकडचे अधिकारी तहाचे निशाण लावून टपालाच्या थैल्या बदलून घेत. नियम कडक होते. मजकूर एका पानाहून जास्त नको, पाकीट उघडे हवे आणि लिहायचे ते फक्त घरगुती. मुलगा बरा आहे, आत्या वारली, गाय व्याली. युद्धाबद्दल आणि राजकारणाबद्दल अवाक्षर नको. म्हणजे कुशल लिहा, 'विशेष' लिहू नका.

लष्कराने असा नियम का केला ते कळते. हेरगिरीची भीती खरी होती. कोड्यात पडायला होते ते पुढे. आज आपले पाकीट उघडून बघायला कुणी कॅप्टन बसलेला नाही, तरी आपण तोच नियम आपणहून घरात आणला आहे. घराण्याच्या, शाळेच्या बॅचच्या, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली सूचना असते, 'राजकारण नको'. वाढदिवसाचा केक चालतो, गुडघेदुखीचा काढा चालतो. ज्याच्यावरून घर आतून दुभंगले आहे ते मात्र चालत नाही. आणि या मौनाला आपण समंजसपणा म्हणतो. नाती राजकारणापेक्षा मोठी असतात, असे त्याचे समर्थनही करतो.

मला हे पटत नाही. दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या ओळखीच्या माणसांनी एकमेकांना जरूर लिहावे, पण 'विशेष' गाळून लिहू नये. गाळले की पत्र प्रेमळ दिसते आणि खोटे होते. शिवाय त्या खोटेपणाची किंमत बहुधा लिहिणारे दोघे मोजत नाहीत, तिसराच कुणी मोजतो.

या विषयावर बोलणारे हटकून एका पत्राचा दाखला देतात. इंग्लंडच्या यादवीत १६ जून १६४३ रोजी सर विल्यम वॉलर याने बाथ शहरातून सर राल्फ हॉप्टन याला लिहिलेले हे पत्र. दोघे जुने मित्र. १६२० साली बोहेमियाची राणी एलिझाबेथ हिला प्राग सोडून पळावे लागले, तेव्हा तिच्याबरोबर असलेल्या इंग्रज तरुणांत हे दोघे होते. पुढे राजा आणि पार्लमेंट यांचे फाटले. पार्लमेंटने आपल्या गाऱ्हाण्यांची मोठी यादी करून १६४१ च्या डिसेंबरात राजाकडे धाडली, तेव्हा ती घेऊन जाणाऱ्या मंडळाच्या पुढे हॉप्टनच होता. म्हणजे दुखणे काय आहे याबद्दल दोघांत फारसा वाद नव्हता. तरी तलवार उपसायची वेळ आली तेव्हा हॉप्टन राजाकडे गेला आणि वॉलर पार्लमेंटकडे. १६४३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात दोघे समोरासमोरच्या सैन्यांचे सेनापती होते. हॉप्टनने भेटीची इच्छा कळवली. वॉलरने उत्तर लिहिले.

त्या पत्रातले 'शत्रू नसलेले युद्ध' हे शब्द जगभर फिरले आहेत. या युद्धाचा मला पुरता तिटकारा आहे, असे वॉलर म्हणतो. वैरसुद्धा तुमच्या व्यक्तीशी असलेली माझी मैत्री मोडू शकणार नाही, असेही म्हणतो. भाषणात आणि अग्रलेखात एवढेच उद्धृत होते, श्रोते हळहळतात आणि वक्ता पाणी पितो.

पण हे पत्र मुळात नकाराचे आहे. मित्राने भेट मागितली आणि वॉलरने ती नाकारली. कारणेही आडपडदा न ठेवता दिली. एक, मैत्रीची हद्द देवाच्या वेदीपर्यंत. जिथे माझ्या सदसद्विवेकाचा प्रश्न येतो तिथे बाकीची सारी बंधने बुडून जातात. दुसरे, तुम्ही त्या पक्षात परतीची वाट उरणार नाही इतके गुंतला आहात, समजावून तुम्ही वळणार नाही. आणि तिसरे कारण तर अगदी व्यवहारी. भेट कितीही गुप्त ठेवली तरी तिचा बोभाटा होईल आणि माझ्या अब्रूवर येईल. आपली माणसे आपल्यावर फितुरीचा संशय घेतील, हे तो मित्रालाच सांगून टाकतो. इतका प्रांजळ नकार मी तरी दुसरा वाचलेला नाही. हाच त्या पत्राचा 'विशेष', आणि तो आहे म्हणूनच आधीच्या प्रेमाच्या ओळींवर विश्वास बसतो. नुसते 'मला तुझी फार आठवण येते' असे लिहिले असते तर शिष्टाचार म्हणून आपण पान उलटले असते.

या पत्राने युद्ध थांबले नाही. १९ दिवसांनी, ५ जुलैला, लान्सडाउनच्या टेकडीवर दोघांची सैन्ये भिडली. दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या दारूची गाडी उडून हॉप्टन इतका भाजला की काही काळ त्याला दिसेना. आठवड्याभरात राउंडवे डाउनला वॉलरच्या सैन्याची धूळधाण झाली. पुढच्या मार्चमध्ये चेरिटनला वॉलरने त्याची परतफेड केली. ज्यांना वाटते की मनापासून लिहिलेल्या पत्राने माणसे शस्त्रे खाली ठेवतात, त्यांनी या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. असे पत्र युद्ध थांबवायला नसतेच. उद्या मी तुझ्यावर चालून येणार आहे आणि तेव्हाही तुला राक्षस समजणार नाही, एवढेच ते सांगते.

आपल्याला हे अनोळखी वाटायचे कारण नाही. भीष्मपर्वात दोन्ही सैन्ये उभी ठाकल्यावर युधिष्ठिर कवच उतरवतो, शस्त्रे ठेवतो आणि पायी कौरवांच्या सेनेकडे चालू लागतो. कौरवांच्या सैनिकांना वाटते, घाबरला, शरण आला. तो भीष्मांच्या पाया पडतो आणि म्हणतो, तुमच्याशी लढणार आहे, अनुज्ञा द्या. एवढ्यावर थांबत नाही. तुम्हाला जिंकायचे कसे, हेही त्यांनाच विचारतो. भीष्मही लपवत नाहीत. माणूस अर्थाचा दास असतो, कौरवांनी मला अर्थाने बांधले आहे, असे ते सरळ कबूल करतात. नमस्कारही झाला आणि मुद्दाही झाला. आपण या प्रसंगातला नमस्कार तेवढा घरी आणला.

मुद्दा इतका महत्त्वाचा, की कुशल पूर्ण गाळूनही मैत्री टिकते. १६ फेब्रुवारी १८६२ ची गोष्ट. टेनेसीतला फोर्ट डोनल्सन वेढ्यात होता. आत दक्षिणेचा सेनापती सायमन बकनर, बाहेर उत्तरेचा युलिसिस ग्रँट. दोघे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयापासूनचे ओळखीचे. १८५४ मध्ये सैन्यातून बाहेर पडलेला ग्रँट न्यूयॉर्कमध्ये कफल्लक होऊन अडकला होता, तेव्हा हॉटेलच्या बिलाची हमी बकनरने घेतली होती. आता बकनरने तहाच्या अटी विचारल्या. ग्रँटचे उत्तर पोस्टकार्डावर मावेल एवढे होते. बिनशर्त आणि ताबडतोब शरणागतीखेरीज कोणतीही अट मान्य होणार नाही, तुमच्या तटबंदीवर लगेच चालून येण्याचा माझा विचार आहे. जुन्या ओळखीचा त्यात मागमूस नाही. बकनर चिडला, या अटी अनुदार आहेत असे लिहिले आणि शरण आला. त्यानंतर ग्रँट त्याच्यामागोमाग अंधारात गेला आणि कैदेत लागतील म्हणून आपली पैशाची थैली त्याच्यापुढे धरली. हे पुढे बकनरनेच सांगितले. १८८५ मध्ये ग्रँट घशाच्या कॅन्सरने मरणपंथाला लागला तेव्हा बकनर त्याला भेटायला गेला, आणि त्याच्या शवपेटीच्या मानकऱ्यांतही तो होता. हॉटेलच्या बिलाची आठवण ठेवून ग्रँटने किल्ल्याच्या अटी सैल केल्या असत्या तर? मला वाटते, ती थैली देताना त्याचा हात इतका मोकळा राहिला नसता.

कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांचेही असेच काहीसे. शाहू महाराज आणि कोल्हापूरची गादी यांच्या भाऊबंदकीत कान्होजी कोल्हापूरच्या बाजूचे. त्यांनी शाहूंचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यालाच कैद करून ठेवलेले. शाहूंतर्फे बोलणी करणारे बाळाजी आणि कान्होजी यांची कोकणातली जुनी ओळख होती, हे सगळेच सांगतात. पण १७१४ मध्ये तंटा मिटला तो ओळखीवर नव्हे. कोणते किल्ले कुणाकडे, सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कुणाचे, कैदी कधी सुटायचा, अशी एकेक बाब समोर ठेवून मिटला. ओळखीने दार उघडले असेल. आत बोलणे किल्ल्यांचेच झाले.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्या आईचा मुलगा शत्रूच्या कैदखान्यात आहे, तिला 'विशेष' काय करायचा? तो जिवंत आहे, त्याच्या अंगावर ब्लँकेट आहे, एवढे एक पान तिला पुरे. अगदी मान्य. त्या पानाबद्दल मी बोलतच नाही. तिथे नियम बंदुकीचा होता आणि तरीही माणसांनी त्यातून वाट काढली. दक्षिण कॅरोलिनात १६ जून १८६२ रोजी सेसेशनव्हिलच्या लढाईत स्कॉटलंडहून आलेले दोन सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध होते. लढाईनंतर दक्षिणेकडच्या जेम्स कॅम्पबेलने अलेक्झांडरला निशाणाखालून पत्र धाडले. तुझी पलटण चालून आली तेव्हा तिचे निशाण तुझ्या हातात होते हे कैद्यांकडून ऐकून थक्क झालो, मी त्याच तटामागे होतो आणि तुम्हाला मागे रेटायची शिकस्त करत होतो. पुन्हा असे समोरासमोर येऊ नये अशी आशा. आलोच तर तू तुझे कर्तव्य कर, मी माझे करीन. घरगुती पत्रात हा मजकूर बसवणाऱ्याला मी सलाम करतो.

तेव्हा प्रश्न सक्तीच्या मौनाचा नाही. युद्ध संपल्यावर, सक्ती उठल्यावरही माणसे हौसेने जे मौन पाळतात त्याचा आहे. त्याचा सर्वांत भव्य सोहळा १९१३ च्या जुलैत गेटिसबर्गला झाला. यादवी युद्धातल्या तिथल्या लढाईला ५० वर्षे झाली म्हणून दोन्ही बाजूंचे ५० हजारांहून अधिक म्हातारे सैनिक तंबू ठोकून राहिले. ज्या दगडी गडग्यावर त्यांनी एकमेकांना संगिनी खुपसल्या होत्या त्याच गडग्यावरून त्यांनी हस्तांदोलन केले. फोटो पाहून कुणाचाही गळा दाटेल, माझाही दाटला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन ४ जुलैला तिथे बोलले. आता आपण भाऊ झालो आहोत, भांडण विसरले गेले आहे, असे म्हणाले. भांडण कशाचे होते? गुलामगिरीचे. ते कोण विसरले, आणि कुणाच्या वतीने? उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले होते. त्या सोहळ्याच्या चित्रात त्यांना शोधावे लागते. आणि त्याच वर्षी विल्सन यांच्या सरकारने अर्थखात्यात आणि टपालखात्यात काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. टपालखात्यात! पन्नास वर्षांपूर्वी ज्या टपालाच्या थैल्या दोन गोऱ्या भावांना जोडत होत्या, त्याच टपालाच्या खात्यात.

दोन भावांचे भांडण तिसऱ्या माणसाच्या मानगुटीवरून असेल, तर 'झाले गेले विसरून जाऊ' म्हणायचा हक्क त्या दोघांना नसतो. हे पुण्यात बसून एका माणसाला लख्ख दिसले होते. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. माझे देशबांधव आपल्या शूद्र बांधवांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवतील, अशी आशाही तिथेच व्यक्त केली. लिंकन आणि डेव्हिस, ग्रँट आणि ली या दोन्हीकडच्या अध्यक्षांच्या आणि सेनापतींच्या शौर्याच्या कथा तेव्हाही उपलब्ध होत्या. जोतीरावांना त्यांत रस नव्हता. ते युद्ध कशावरून झाले, एवढेच त्यांनी उचलले. अर्पणपत्रिकेतही कुशल न लिहिता थेट 'विशेष' लिहिणारा असा दुसरा मराठी लेखक सापडणे कठीण.

म्हणून यादवीतल्या पत्रांचा संग्रह मी कधी केलाच तर त्यात वॉलरच्या शेजारी दुसरे एक पत्र ठेवीन. तारीख ७ ऑगस्ट १८६५, ठिकाण ओहायोतले डेटन. लिहिवणारा जॉर्डन अँडरसन, वर्षभरापूर्वीपर्यंत गुलाम. ज्याला लिहिले तो त्याचा जुना मालक, टेनेसीतल्या बिग स्प्रिंगचा कर्नल अँडरसन. आडनाव एकच, कारण गुलामाला मालकाचे आडनाव चिकटे. युद्ध हरलेल्या कर्नलने बोलावणे धाडले होते की परत ये, तुला इथे चांगले वागवीन. हेही दोन बाजूंच्या ओळखीच्या माणसांतलेच पत्र, ३२ वर्षांच्या ओळखीचे. उत्तर इतके गाजले की त्याच महिन्यात ते न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये छापून आले.

सुरुवात कुशलाने. तुम्ही मला विसरला नाहीत याचा आनंद वाटला. तुमची काळजी वाटत असे, तुमच्या घरी बंडखोर लपलेले सापडले म्हणून यांकींनी, म्हणजे उत्तरेच्या सैनिकांनी, तुम्हाला एव्हाना फासावर दिले असेल असे वाटले होते. मिस मेरीला, मिस मार्थाला आणि बाकीच्यांना प्रेम सांगा, या जगात नाही तर त्या जगात भेटू. मग स्वतःची हकिकत. महिना २५ डॉलर मिळतात, वर जेवण आणि कपडे. बायकोला, मँडीला, लोक मिसेस अँडरसन म्हणतात. मुले शाळेत जातात.

आणि मग हिशेब. तुमची नियत खरी आहे की नाही हे कळावे म्हणून आधी आमची थकलेली मजुरी पाठवा. माझी ३२ वर्षांची, महिना २५ डॉलरने. मँडीची २० वर्षांची, आठवड्याला २ डॉलरने. एकूण ११,६८० डॉलर. मी वही घेऊन गणित तपासले, ९,६०० अधिक २,०८०, बिनचूक आहे. त्यावर इतक्या वर्षांचे व्याज धरा. आमच्या कपड्यांचा खर्च, माझ्यासाठी डॉक्टरच्या तीन भेटी आणि मँडीचा एक दात उपटल्याचे पैसे वजा करा. राहील ती रक्कम 'अ‍ॅडम्स एक्सप्रेस'ने पाठवून द्या. बाजारातला जुना दुकानदार बोलेल तशी ही भाषा, आणि तीत एकही शिवी नाही.

हिशेबानंतर स्वर खाली येतो. माझ्या मुली आता मोठ्या आणि देखण्या झाल्या आहेत, त्या तिथे सुरक्षित राहतील का? मटिल्डा आणि कॅथरिन यांचे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडच्या तरुण मालकांनी माझ्या मुलींची अब्रू घ्यावी, त्यापेक्षा मी इथे उपाशी मरेन. तिथे काळ्या मुलांसाठी शाळा निघाली आहे का, तेही कळवा.

हे पत्र वाचून मला नेहमी वॉलर आठवतो. त्यानेही बोलावण्याला नकारच दिला होता. पण वॉलरला मित्र गमावण्याचे दुःख होते आणि जॉर्डनला बायको-मुलांच्या जिवाचा हिशेब मागायचा होता. दोघांना एकाच तराजूत घालू नये. वॉलर आणि हॉप्टन सभ्यपणे लढू शकले, कारण दोघेही एकाच पंगतीला बसणारे होते. जॉर्डनला त्या पंगतीत पानच नव्हते. तरी सभ्यपणा त्याच्याच पत्रात जास्त आहे.

आणि त्याने ताजा कलम लिहिला आहे, एका ओळीचा. जॉर्ज कार्टरला माझा नमस्कार सांगा. तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होता तेव्हा त्याने तुमच्या हातातले पिस्तूल काढून घेतले, त्याबद्दल त्याचे आभार माना.